गोल चेहऱ्यामागचे संप्रेरक

वजन वाढले म्हणून आहारतज्ज्ञ, रक्तदाब वाढला म्हणून फॅमिली डॉक्टर, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि लव आली म्हणून त्वचारोगतज्ज्ञ, पाळी चुकू लागली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि झोप उडून चिडचिड वाढली म्हणून मानसोपचारतज्ज्ञ. मोठ्या शहरातील रुग्णाला ही सारी दारे उघडी असतात. प्रत्येक दाराआड त्या त्या तक्रारीवर गोळी मिळते आणि काही काळ ती लागूही पडते. या साऱ्या तक्रारींचे मूळ एकच असू शकते, हे ध्यानात येण्यास मात्र फार काळ जातो. ‘कुशिंग्ज सिंड्रोम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे निदान होईपर्यंत सरासरी सुमारे तीन वर्षे उलटलेली असतात, असे विविध देशांतील रुग्णांच्या नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासातून दिसून आले आहे.

शरीरात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिले की हा विकार जडतो. कॉर्टिसॉल दोन मार्गांनी वाढते. शरीर स्वतःच ते गरजेपेक्षा अधिक तयार करते, हा पहिला मार्ग. तो दुर्मिळ आहे. दर दहा लाख लोकसंख्येत वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. दुसरा मार्ग बाहेरून येणाऱ्या स्टेरॉईडचा. गोळ्या, इंजेक्शने, मलमे, नाकात घालायचे थेंब आणि कधी कधी तर कसलेही नाव नसलेल्या पुड्या यांतून हे स्टेरॉईड शरीरात जाते. हा मार्ग मुळीच दुर्मिळ नाही. आपल्याकडे या विकाराविषयी बोलायचे झाल्यास ते मेंदूतील गाठीपेक्षा घरातील औषधांच्या डब्यापासून सुरू करणे अधिक योग्य ठरेल.

पहाटेचे संप्रेरक

कॉर्टिसॉल हे नाव अलीकडे खलनायकासारखे घेतले जाते. वास्तविक त्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या, प्रत्येकी चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. मात्र त्यांना हुकूम येतो तो वरून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. तिने सोडलेले ‘एसीटीएच’ हे संप्रेरक रक्तातून अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते आणि त्यांना कामाला लावते. पियूषिकेवर पुन्हा मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाचे नियंत्रण असते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की वरची ही दोन्ही केंद्रे हात आखडता घेतात. पाण्याची टाकी भरताच तरंगता गोळा नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था.

या कारभाराला घड्याळही असते. पहाटेपासून कॉर्टिसॉल वाढू लागते, जाग येण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी तळाला जाते. उपवास, ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी ते यकृताला साखर तयार करायला लावते, रक्तदाब टिकवून धरते आणि दाह आटोक्यात ठेवते. त्यासाठी लागणारा कच्चा माल स्नायूंतील प्रथिनांमधून काढला जातो. आणीबाणीत हे सारे उपकारकच असते. पण आणीबाणी उठवलीच गेली नाही तर काय होईल, याचे उत्तर म्हणजे कुशिंगचा विकार होय.

स्नायू झिजतात, म्हणून हातपाय बारीक होतात. चरबीची जागा बदलते. ती पोटावर, चेहऱ्यावर, गळ्याच्या खाचेत आणि मानेच्या मागे साठते. मानेखालचा हा उंचवटा बैलाच्या वशिंडासारखा दिसतो. त्वचेला घट्टपणा देणारे तंतू विरळ होतात, त्यामुळे ती कागदासारखी पातळ होते, किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग उमटतात आणि पोटावर, मांड्यांवर, काखेजवळ बोटभर रुंदीचे जांभळट पट्टे दिसू लागतात. हाडांतील चुना घटतो. साखर आणि रक्तदाब वाढतो. रोगप्रतिकारशक्ती खालावल्याने साधा नायटाही हटत नाही. मनावरही परिणाम होतो. उदासी, रडू येणे, विसरभोळेपणा आणि रात्र रात्र झोप न लागणे या तक्रारी अनेक रुग्णांमध्ये असतात आणि बऱ्याचदा त्यांची बोळवण ‘टेन्शन’ या एका शब्दावर होते.

आता यातील निम्म्याहून अधिक लक्षणे मध्यमवयीन, बैठे काम करणाऱ्या कोणाही शहरवासीयात आढळतील, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्तच आहे. निदान लांबते ते त्यामुळेच. स्थूलपणा, मधुमेह आणि रक्तदाब हे त्रिकूट आज घरोघरी आहे आणि त्यातील फारच थोड्यांना कुशिंगचा विकार असतो. तेव्हा तज्ज्ञांचे लक्ष असते ते साध्या लठ्ठपणात सहसा न दिसणाऱ्या खुणांकडे. पोट सुटले आहे, पण दंड आणि मांड्या वाळल्या आहेत. उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याखेरीज उठता येत नाही. केस विंचरताना हात भरून येतात. फारसे काही लागल्याचे आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग आहेत. चाळिशीच्या आतच बरगडी किंवा मणका मोडला आहे. अशा दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या आणि त्या काही महिन्यांत बळावत गेल्या, तर संशय घ्यायला जागा असते.

लहान मुलांमध्ये ही ओळख तुलनेने सोपी आहे. केवळ जास्त खाण्याने लठ्ठ झालेले मूल उंचीनेही बहुधा वाढत असते. कॉर्टिसॉल वाढलेल्या मुलाचे वजन वाढते आणि उंची अडते. गेल्या वर्षीची पँट कमरेला बसत नाही, पण लांबीला अजूनही बरोबर होते, ही गोष्ट आईच्या लक्षात डॉक्टरांच्या आधी येऊ शकते.

समाजमाध्यमांवर अलीकडे ‘कॉर्टिसॉल फेस’ नावाची टूम निघाली आहे. सकाळी चेहरा किंचित सुजलेला दिसला की तो ताणतणावाने वाढलेल्या कॉर्टिसॉलचा परिणाम ठरवायचा आणि त्यावर चूर्णे, चहा, गोळ्या विकायच्या, असा हा व्यवहार आहे. रोजच्या दगदगीने कॉर्टिसॉल वरखाली होते हे खरे. पण त्याने कुशिंगचा गोल चेहरा तयार होत नाही. जांभळे पट्टे असलेला रुग्ण उपचाराविना राहतो आणि चांगली झोप झाली तर उतरेल अशा सुजेवर पैसे खर्च होतात, हा यातला विरोधाभास क्लेशदायक म्हणावा लागेल.

दुर्मिळ आजार सार्वत्रिक कसा झाला?

या विकाराला ज्यांचे नाव मिळाले ते हार्वे कुशिंग हे अमेरिकेतील मेंदूशल्यचिकित्सेचे एक आद्य प्रवर्तक. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पियूषिका ग्रंथीवरील आपल्या ग्रंथात त्यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीची हकिकत नोंदवली होती. तिची वाढलेली चरबी, थांबलेली पाळी, अंगावरचे केस आणि जांभळट पट्टे यांचा उलगडा त्या वेळी त्यांना पुरता झाला नव्हता. पुढे वीस वर्षे त्यांनी असे रुग्ण गोळा केले आणि १९३२ मध्ये बारा रुग्णांच्या अभ्यासावरून हा विकार पियूषिकेतील सूक्ष्म गाठींमुळे होतो, असे प्रतिपादन केले. कॉर्टिसॉल हे संप्रेरक तेव्हा कोणी वेगळे करूनही पाहिलेले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या निरीक्षणशक्तीचे मोल कळते. पियूषिकेतील गाठीमुळे होणाऱ्या प्रकाराला आज ‘कुशिंग्ज डिसीज’ म्हणतात, तर कारण कोणतेही असो, एकूण लक्षणसमूहाला ‘कुशिंग्ज सिंड्रोम’.

त्यानंतर सोळाच वर्षांनी चित्र पालटले. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला, पुढे कॉर्टिसोन नावाने ओळखल्या गेलेल्या द्रव्याचे इंजेक्शन दिले. काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. एखादा चमत्कार घडावा तशी ही बातमी जगभर पसरली आणि १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउस राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र दीर्घकाळ मोठी मात्रा घेणाऱ्या रुग्णांचे चेहरे गोल होऊ लागले. कुशिंग यांनी वीस वर्षे शोधून बारा रुग्ण जमवले होते. आता तेच रूप औषधाच्या बाटलीतून तयार होऊ लागले.

मात्रेचा हिशेब पाहिला म्हणजे हे कसे घडते ते समजते. निरोगी प्रौढ शरीर दिवसाकाठी १० मिलिग्रॅमच्या आसपास कॉर्टिसॉल तयार करते. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक छोटी गोळी २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलचे काम करते. डेक्सामेथासोन तर याहून कितीतरी जालीम. त्याची पाऊण मिलिग्रॅम मात्राही तेवढीच ठरते. गोळीचा आकार आणि किंमत पाहून तिला ‘साधी’ समजण्याची चूक अनेकदा इथेच होते.

डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले स्टेरॉईड आणि रुग्णाच्या नकळत पोटात गेलेले स्टेरॉईड यांत फरक केला पाहिजे. दमा, ल्युपस, मुलांमधील नेफ्रॉटिक सिंड्रोम, प्रत्यारोपित मूत्रपिंड अशा ठिकाणी ही औषधे जीव वाचवतात. तेथे दुष्परिणामांची जोखीम जाणूनबुजून पत्करलेली असते, मात्रा ठरलेली असते आणि ती कमी करण्याचे वेळापत्रकही असते. दम्याच्या पंपात स्टेरॉईड असते म्हणून तो टाकून देणारे पालक शहरांत कमी नाहीत. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते आणि बहुतांश थेट श्वासनलिकांपुरती राहते. पंपासोबत बुरशीविरोधी इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या सुरू झाल्या तर पंपातले काही स्टेरॉईड शरीरात साचू शकते. त्यामुळे नायट्यावर गोळ्या घेताना पंपाचा उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करावा.

खरी चिंता आहे ती चिठ्ठीविना चालणाऱ्या वापराची. गुडघेदुखीवर, दम्यावर, अंगदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकली जाणारी काही चूर्णे यांच्या प्रयोगशाळेतील तपासणीत स्टेरॉईड आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी नोंदले गेले आहे. शास्त्रशुद्ध आयुर्वेदाचा याच्याशी काही संबंध नाही. ही भेसळ आहे. अशा पुडीने पहिल्या आठवड्यात दुखणे पळते, भूक लागते, अंगावर मांस चढल्यासारखे दिसते. ‘औषध मानवले’, ‘तब्येत सुधारली’ असे घरचे म्हणतात आणि शेजाऱ्यांनाही त्याच ठिकाणी धाडतात. गोल होत जाणारा चेहरा आपल्याकडे आजाराची खूण वाटत नाही, सुखवस्तूपणाची वाटते. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर हा गैरसमज अधिकच घातक ठरतो. लंगोटाच्या जागी उठलेल्या पुरळावर क्लोबेटासॉलसारखे जालीम मलम आठवडेच्या आठवडे लावल्याने, तसेच बंद नाकासाठी दिलेले बीटामेथासोनचे थेंब लांबवल्याने बालकांना हा विकार जडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. बाळाने बाळसे धरले म्हणून कौतुक होत असते, तेव्हा त्याच्या अधिवृक्क ग्रंथी काम थांबवत असतात.

मलमांचा प्रश्न मोठा आहे. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन त्वचारोग विभागात आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी करणारा एक बहुकेंद्री भारतीय अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे १५ टक्के रुग्ण चेहऱ्याला स्टेरॉईडयुक्त मलम लावत होते. कोणी गोरेपणासाठी, कोणी मुरुमांसाठी, कोणी मैत्रिणीने सांगितले म्हणून. चेहऱ्याला बोटभर मलम लावणाऱ्या प्रत्येकाला कुशिंगचा विकार होतो असे नाही. त्वचेची हानी मात्र होते आणि जालीम मलम अंगभर, महिनोन्‌महिने लावले तर संपूर्ण शरीरावर परिणाम होऊ शकतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉईड असलेली १४ मलमे चिठ्ठीखेरीज न विकण्याच्या औषधांच्या यादीत आणली. यादीत येणे आणि गल्लीतल्या दुकानात त्याचे पालन होणे यांतील अंतर वाचकांना वेगळे सांगायला नको.

करोना साथीत या अंतराची किंमत महाराष्ट्राने मोजली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास जीव वाचतात, असे दाखवले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉईडचा वापर घरच्या घरीही झाला, लवकर सुरू झाला आणि लांबला. वाढलेली साखर आणि मंदावलेली प्रतिकारशक्ती यांच्या आधारे ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस फोफावली आणि राज्यात अनेकांना डोळा किंवा जबडा गमवावा लागला.

अहवालात ‘शून्य’, अंगावर खुणा

बाहेरून स्टेरॉईड घेणाऱ्याच्या तपासणीत एक चकवा असतो. अंगावर कॉर्टिसॉल वाढल्याच्या साऱ्या खुणा. पण रक्तातील कॉर्टिसॉल मोजले तर ते जवळजवळ नाहीच. याचे कारण टाकीच्या उदाहरणात आहे. बाहेरून टँकरने पाणी ओतले जात असल्याने घरचा नळ कधीच बंद झालेला असतो. शिवाय डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांसारखी द्रव्ये कॉर्टिसॉलच्या नेहमीच्या तपासणीत मोजलीही जात नाहीत. असा अहवाल पाहून ‘सारे ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे. म्हणूनच पहिला प्रश्न ‘काय काय घेता?’ हाच असावा लागतो. ‘औषधे’ म्हटले की रुग्ण गोळ्या सांगतो. मलम, थेंब, पुडी आणि गुडघ्यात घेतलेले इंजेक्शन त्याच्या लेखी औषधांत मोडत नाही. घरातील नळ्या, बाटल्या, पुड्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त उपाय होय.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. आपण घेतो त्यात स्टेरॉईड आहे, हे कळताच घाबरून ते त्याच दिवशी बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे. काही आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉईड मिळाले की शरीराची स्वतःची यंत्रणा निद्रिस्त होते आणि ती जागी होण्यास महिने, कधी वर्षही लागते. मधल्या काळात टँकरही थांबला तर शरीर कोरडे पडते. गळून जाणे, उलट्या, पोटदुखी, रक्तदाब व साखर घसरणे आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू, इथवर मजल जाऊ शकते. जुलाब, ताप किंवा एखादी शस्त्रक्रिया हे निमित्त त्याला पुरते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवावी लागते. भेसळीच्या पुडीत किती मात्रा होती हे कोणालाच ठाऊक नसल्याने तेथे तर अधिकच काळजी घ्यावी लागते. अशा रुग्णाने आपण स्टेरॉईड घेत होतो ही नोंद खिशात बाळगावी आणि शस्त्रक्रियेपूर्वी ती दाखवावी.

बाहेरचे स्टेरॉईड नसल्याची खात्री झाली की मगच शरीरांतर्गत कारणांचा शोध सुरू होतो. सकाळी सहज काढलेल्या एका कॉर्टिसॉलच्या आकड्याला यात फारसा अर्थ नसतो. रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोनच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी आठला रक्त द्यायचे, ही एक चाचणी. निरोगी शरीरात नळ बंद होऊन कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जाते. विकार असल्यास ते उतरत नाही. दुसरी, २४ तासांच्या लघवीतील कॉर्टिसॉल. तिसरी, रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतील कॉर्टिसॉल. यातील निदान दोन चाचण्या स्पष्टपणे सदोष याव्या लागतात, कारण अतिमद्यपान, तीव्र नैराश्य किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांमुळेही आकडे फसवे येऊ शकतात.

त्यानंतर ‘एसीटीएच’ मोजतात. ते दबलेले असेल तर दोष अधिवृक्क ग्रंथीत. नसेल तर बहुधा पियूषिकेत. शरीरांतर्गत प्रकारातील साधारण ७० टक्के रुग्णांत पियूषिकेतील गाठच सापडते आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या तिप्पट-चौपट असते. क्वचित फुप्फुसातील एखादी गाठही एसीटीएच सोडते. पियूषिकेतील गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात आणि इतक्या सूक्ष्म असतात की अनेकदा एम.आर.आय.मध्येही दिसत नाहीत. उलट, काहीच विकार नसलेल्या अनेकांच्या पियूषिकेत निरुपद्रवी ठिपके दिसतात. म्हणून संप्रेरकांच्या चाचण्यांआधी थेट एम.आर.आय. काढण्याचा आग्रह धरू नये. चित्र अस्पष्ट राहिल्यास जांघेतून नळी घालून पियूषिकेलगतच्या शिरांतील रक्त तपासले जाते. ही तपासणी मोजक्याच केंद्रांत होते.

पियूषिकेतील गाठ नाकावाटे काढता येते. कवटी उघडावी लागत नाही. अनुभवी शल्यचिकित्सकाच्या हाती छोट्या गाठींमध्ये दहापैकी सुमारे आठ रुग्ण विकारमुक्त होतात. अधिवृक्क ग्रंथीतील गाठ दुर्बिणीद्वारे काढली जाते. शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा अपुरी पडली तर किरणोपचार आणि कॉर्टिसॉलची निर्मिती रोखणारी औषधे यांचा पर्याय असतो. जुने केटोकोनॅझोल आणि २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ऑसिलोड्रोस्टॅट ही त्यातील दोन.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली याची पहिली खूण म्हणजे रुग्णाला बरे न वाटणे. कॉर्टिसॉल एकाएकी घसरल्याने अंग दुखते, भूक मरते, उदास वाटते. ‘ऑपरेशनने आणखी बिघडले’ असा घरच्यांचा समज होतो, म्हणून याची कल्पना आधीच देणे आवश्यक असते. या काळात हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या द्याव्या लागतात आणि त्या महिनोन्‌महिने चालतात. चेहरा काही महिन्यांत पूर्ववत दिसू लागतो, साखर आणि रक्तदाबाची औषधे कमी होतात, स्नायूंचे बळ सावकाश परतते, हाडे भरून यायला त्याहून अधिक अवधी लागतो. जांभळे पट्टे फिकट होऊन पांढरे पडतात, पण राहतात. पियूषिकेतील गाठ काही रुग्णांत अनेक वर्षांनीही पुन्हा डोके वर काढते, त्यामुळे सारे सुरळीत असले तरी वर्षातून एकदा संप्रेरकतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी लागते.